पाणी उजव्या हाताला

"समुद्र नको दाखवू. खाली दाखव, खाली!" बाबा फोनवर ओरडत होते.

फोन माझा होता आणि पलीकडे माझी धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याची बदली झाली म्हणून ती कोकणातल्या एका लहान बंदराच्या गावी राहायला गेली होती. तिच्या गावापासून शेजारच्या गावापर्यंत अगदी किनाऱ्याला लागून चालायचा नवा रस्ता झाला होता, आणि तो ती आम्हाला जबलपुरात घरबसल्या व्हिडिओवर दाखवत होती. तिकडे सूर्य बुडत होता, सगळं पाणी तांबूस झालं होतं, आणि आमच्या बाबांना बघायच्या होत्या फरशा.

"बाबा, सूर्य तरी बघा."

"तो इथंही बुडते. दोन फरशांच्या मधात फट किती आहे ते दाखव. वॉकरचा पाय अडकन का?"

बहिणीने मुकाट्याने खाली बसून फटीवर बोट ठेवलं. फट बोटभरही नव्हती. बाबा "अच्छा" म्हणाले आणि मी आईकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांत त्यांनी घराबाहेरच्या कुठल्याही गोष्टीबद्दल प्रश्न विचारला नव्हता.

आता वॉकरचं सांगायला हवं. बाबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. महाराजपुरातल्या आमच्या घरून ते आयुष्यभर सायकलने कामावर गेले, आणि तेही अशा वेगाने की बसची वाट बघणारे लोक हसायचे. निवृत्त झाल्यावर सायकल सुटली, पण सकाळची फेरी सुटली नाही. चौकात चहाची टपरी होती, तिथे कारखान्यातले जुने सोबती जमायचे. मग एका सकाळी लकवा मारला. बोलणं शाबूत राहिलं, डोकं तर जरा जास्तच शाबूत राहिलं, पण डावा पाय मागे पडला. घरातल्या घरात ते वॉकर टेकत फिरायचे, फाटकाबाहेर मात्र पाऊल टाकायचे नाहीत. सोबती भेटायला आले की डोळे मिटून पडायचे. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण करणार? हळूहळू ते लोक येईनासे झाले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, चालले नाहीत तर पाय असाच राहील. मला भीती वाटायची, आणि मला भीती वाटली की राग येतो. "लोक काय खाऊन टाकतात का तुम्हाला?" मी एकदा ओरडले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी मी शाळेत पोरांवर उगाचच खेकसले.

म्हणून ती फरशीची फट ही आमच्या घरातली मोठी बातमी होती.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता त्यांनीच विचारलं, "काहून गं, पायऱ्या एकही नाहीत म्हणत होती ना ती?" एकही नव्हती. जिथे जमीन वर चढत होती तिथे उतार केला होता, उताराला कठडा होता, थोड्या थोड्या अंतरावर बाक होते. चाकाची खुर्चीसुद्धा या गावातून त्या गावात सरळ जाते, असं बहिणीने सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "ज्यानं बनवला त्याच्या घरी कोणीतरी वॉकरवालं असन."

खरं सांगायचं तर मलाही त्या रस्त्याने झपाटलं. समुद्र आम्हाला परकाच होता. आजोबा अमरावतीकडून इकडे नोकरीला आले, पुढे राज्यांची फेररचना झाली, अमरावती-नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि आजोबा मध्य प्रदेशातच राहिले. त्यामुळे महाराष्ट्राचा समुद्र आमच्या वाट्याला आला तो फक्त भूगोलाच्या पुस्तकात. आमचं पाणी म्हणजे नर्मदा. समुद्र म्हणजे मैया शेवटी जिथे जाते ती जागा, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. आता मात्र रोज संध्याकाळी बाबा आणि मी मिळून बहिणीला छळू लागलो. कठडा कमरेला येतो का छातीला? बाकाला हात टेकायला जागा आहे का? वाटेत काय काय लागतं? ती बिचारी नव्या गावात एकटी कंटाळली होती, ती रोज थोडं पुढे चालत जाऊन बघून यायची. पलीकडच्या गावाहून निघालं की आधी पुळण, म्हणजे मऊ वाळूचा किनारा, मग दीपगृह, मग होड्या लागतात तो धक्का, आणि मग तिचं गाव.

ती अर्थातच आपल्या गावाहून निघायची. बाबांनी तिला मध्येच थांबवलं.

"तुझ्या गावून निघालं तर समुद्र कोणत्या हाताला?"

"डाव्या."

"मग नाही चालत. पलीकडून निघा लागन. पाणी उजव्या हाताला पाहिजे."

जबलपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या दारावरून परकम्मावासी जातात. नर्मदेची परिक्रमा करणारा मैयाला कायम उजव्या हाताला ठेवतो, तिला ओलांडत नाही, आणि अर्ध्या वाटेतून माघारी फिरत नाही. पण हा नियम समुद्राला लावणारे आमचे बाबाच पहिले.

बहीण हसत सुटली. "बाबा, समुद्राची परकम्मा नसते!"

"तुले काय माहीत? कोणी करून पाहिली?"

"आधी अंगणाची करा," आई आतून म्हणाली. आई कधी मोठ्याने बोलत नाही, पण तिचं बोलणं बरोबर ठिकाणी लागतं.

ते लागलंच. रात्री जेवताना बाबा मला म्हणाले, "डिसेंबरात जाऊ आपण तिच्याकडे. पण तिथं जाऊन फजिती नको. पाय पहिले इथं तयार करा लागन." मी घास तसाच हातात धरून होकार दिला. फार आनंद दाखवला असता तर त्यांनी बेत रद्द केला असता.

मी कामाला लागले. आमच्या घरासमोरून एक नाला जातो, थेट चौकापर्यंत, आणि घराकडून चौकाकडे जाताना तो उजव्या हाताला राहतो. समुद्र मिळाला. चार घरं सोडून एक घर बांधायचं चाललं होतं, तिथे वाळूचा ढीग होता, ती पुळण. वळणावरची पाण्याची टाकी हे दीपगृह. त्याच्या पुढची पिठाची चक्की हा धक्का, कारण तिथे होड्यांसारखी हातगाड्यांची दाटी असते. आणि बहिणीचं गाव म्हणजे चौक. अंतर काही बरोबर जुळत नव्हतं. बहिणीचा रस्ता बराच लांब होता. पण मला तिचं गाव चौकातच हवं होतं, म्हणून मी ते अलीकडे ओढून घेतलं. बाबांना आणि बहिणीला मी हा नकाशा सांगितला, त्यामागचं कारण मात्र कुणालाच सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. ही वेळ बाबांनीच ठरवली, रस्त्यावर कुणी नको म्हणून. फाटकाबाहेर त्यांनी वॉकर टेकला आणि तिथेच आमचं घोडं अडलं. मी त्या गल्लीत लहानाची मोठी झाले, पण ती गल्ली कशी आहे हे मला त्या सकाळी कळलं. प्रत्येकाने स्कूटर आत घ्यायला आपल्या दारापुढे सिमेंटचा उतार केला होता आणि तो निम्मा रस्त्यात आला होता. दोन उतारांच्या मध्ये खड्डा, खड्ड्यात पाणी, आणि जिथे सपाट होतं तिथे गाय बसलेली. स्पीड ब्रेकर तर असे की घातले कुणी आणि अडवलं कुणाला. सायकलवरून बाबांनी हे सगळं हजारदा ओलांडलं असेल. आता ते प्रत्येक ठिकाणी थांबून वाकून बघत होते, कारखान्यात एखादं यंत्र बिघडलं की बघत असतील तसे.

"इकडून घ्या," मी म्हणाले.

"थांब. समजून घेऊन राहिलो."

आम्ही पुळणीपर्यंत गेलो आणि मागच्या गल्लीने परतलो. त्या गल्लीत नाला नाही, त्यामुळे पाणी डाव्या हाताला यायचा प्रश्न नव्हता. घरी आल्यावर बाबा घामाने भिजले होते आणि आईला म्हणाले, "वाळू ओली आहे." आईने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले.

असे दिवस गेले. टाकीपर्यंत पोचायला फार वेळ लागला. पाय आधी ओढत यायचा, मग उचलला जाऊ लागला. रोज संध्याकाळी फोनवर देवाणघेवाण व्हायची. "मी दीपगृहापर्यंत गेले," बहीण सांगायची. "आम्हीबी," बाबा सांगायचे, "पण दीपगृह गळून राहिलं. खाली चिखल झाला." ती पोट धरून हसायची. ती लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी हसते आहे, असं आई म्हणाली.

चक्कीवाला सगळ्यांच्या आधी दुकान उघडायचा. त्याने एकदा विचारलंच, "बाबूजी, कहाँ तक?"

"बस, जेट्टी तक," बाबा म्हणाले आणि त्याच्या ओट्यावर टेकले. त्याला मी सगळं सांगितलं. चार दिवसांनी त्याच्या दुकानासमोरच्या फुटक्या गटारावर एक रुंद दगडी फरशी आली. "अनाज की गाड़ी भी अटकती थी," तो म्हणाला. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

चक्कीच्या पुढे मात्र अडचण होती. तिथून चौकापर्यंत मागे वळायला गल्लीच नाही. एकदा पुढे निघालं की सरळ चौक. बाबा रोज ओट्यावर बसून तिकडे बघायचे आणि म्हणायचे, "आज इतकंच." डिसेंबर जवळ येत होता. मी तिकिटांचं विचारलं की ते विषय बदलायचे. मला वाटू लागलं की आता हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, आणि हे शेपूट काही जाणार नाही.

मग एक दिवस ओट्यावर न बसताच ते म्हणाले, "चलो."

आम्ही निघालो तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. त्यांचा हिशेब असा होता की रिकाम्या चौकाला हात लावायचा आणि ऑटोने दुसऱ्या रस्त्याने घरी यायचं. पण तो हिशेब सायकलवाल्या बाबांचा होता. वॉकरवाल्या बाबांना त्या तुकड्याला इतका वेळ लागला की वाटेत ऊन आलं, दूधवाले येऊन गेले, शाळेच्या रिक्षा सुरू झाल्या. चौक दिसू लागला तेव्हा टपरीसमोरच्या बाकावर चारपाच डोकी होती. मफलर, कानटोप्या. मी ती ओळखली, आणि बाबांनी माझ्या आधी ओळखली.

ते थांबले.

"धाकटीचं गाव इथंच काहून ठेवलं तू?"

"तिथेच येतं बाबा. अंतरच तेवढं आहे."

"मी कारखान्यात मापं घेतली जिंदगीभर. गाव तुझं अलीकडे सरकलं आहे."

"भरती आली असेल."

ते हसले नाहीत. मला रडू येत होतं. आज हे मागे फिरले तर पुन्हा फाटकाबाहेर येणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी एक शब्द जास्त बोलले तर ते फिरतीलच हेही ठाऊक होतं. त्यांनी मान वळवून आलेला रस्ता पाहिला. मग नाल्याकडे पाहिलं. प्लॅस्टिकच्या पिशव्या, काळं पाणी, एक डुक्कर.

"फिरलो तर पाणी डाव्या हाताला येईन," ते चिडून म्हणाले. माझ्यावर चिडले की स्वतःवर ते कळलं नाही. त्यांनी वॉकर उचलला आणि पुढे टेकला.

बाकावरच्या लोकांनी आम्हाला येताना पाहिलं. कुणी उठलं नाही, कुणी धावत आलं नाही, आणि ते बरं झालं. सगळे फक्त थोडे सरकले, एका माणसापुरती जागा झाली. बाबा बसले. मी वॉकर बाजूला घेतला आणि टपरीच्या मागे जाऊन उभी राहिले.

ज्याच्याबरोबर त्यांनी आयुष्यभर सायकल चालवली होती, त्या सोबत्याने चहाचा ग्लास त्यांच्या उजव्या हातात दिला.

"कहाँ थे यार इतने दिन?"

बाबांनी एक घोट घेतला. "समुंदर पर."

सोबत्याने त्यांच्या पायाकडे पाहिलं, वॉकरकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"अच्छा? कैसा है?"

"रास्ता बढ़िया है," माझे बाबा म्हणाले. "सीढ़ी एक भी नहीं."