क्लेमची दोन माणसांची गाडी

अ‍ॅडलेडपासून दूर, पिनारू गावच्या धान्यकोठारांवर क्लेम हॉकिंगनं उभा जन्म काढला आणि हौस अशी एकच केली, तीही निवृत्त झाल्यावर. लाल स्पोर्ट्स कार घेतली, दोन माणसांची. हौसेला मोल नसतं म्हणतात. ज्यांना ते चुकवावं लागलेलं नसतं, तेच असं म्हणतात.

त्याआधी वीस वर्षं त्याच्याकडे करडी फाल्कन होती. सेडान गाडी म्हणजे घरातली थोरली सून. तिचं कौतुक कुणी करत नाही आणि तिच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. मागच्या सीटवर कुत्र्याचे केस, डिकीत गव्हाची धूळ. दर रविवारी क्लेमची बायको लॉरेल भाजलेल्या मेंढीच्या मांडीचा ट्रे टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवायची आणि दोघं खडीच्या रस्त्यानं तिच्या बहिणीच्या शेतावर जायची. बहीण एनिड विधवा, नजर गेलेली, एकटीच राहायची. फाल्कनचा आवाज फाटकाशी आला, की ती चहाचं पाणी ठेवायची.

ती फाल्कन क्लेमनं लॉरेलला न विचारता नव्या गाडीच्या बदल्यात देऊन टाकली.

नवी गाडी सरस होती, त्यात वाद नाही. डांबरी रस्त्यावर ती अशी पळायची, की क्लेम विशीतला होऊन घरी यायचा. पण तिचं पोट जमिनीपासून वीतभर, आणि खडीच्या रस्त्याला मधोमध उंचवटा. तिथं घोडं पेंड खायचं. शिवाय खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून लॉरेलनं गाडी चालवणं सोडलं होतं, आणि या गाडीत नुसतं बसणंही तिला विहिरीत उतरण्यासारखं वाटायचं.

समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून दाखवायची तिकडची रीत. क्लेम इमानानं बोट उचलायचा, पण उलट कुणी उचलेना.

शेजारचा नेव्हिल म्हणाला, "तू होतास होय? मला वाटलं, अ‍ॅडलेडचा कुणी दातांचा डॉक्टर वाट चुकलाय."

रविवार आला की लॉरेल विचारायची, "एनिडकडे जायचं का रे?"

"रस्ता सपाट करणारं यंत्र येऊन जाऊ दे. मग जाऊ."

"नेव्हिलची ती उंच युट गाडी माग ना एक दिवस."

"दारात नवी गाडी असताना दुसऱ्याची मागू? गाव हसेल मला."

मागितली असती तर नेव्हिलनं आनंदानं दिली असती, वर पेट्रोलही भरून दिलं असतं. पण क्लेमला हे कोण सांगणार! आणि नवऱ्याचं हसं नको म्हणून लॉरेलनंही कुणापुढे तोंड उघडलं नाही. असा हिवाळा सरला. यंत्र काही आलं नाही.

शेवटी एका रविवारी क्लेमला आपली आपल्यालाच लाज वाटली. त्यानं लॉरेलच्या सीटवर दोन उश्या रचल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "चल, बस. पोट घासलं तर घासलं. एनिडकडे जाऊ."

लॉरेल बटाटे सोलत होती. दोघांपुरतेच.

"एनिड मंगळवारी गेली. मुलगा येऊन अ‍ॅडलेडला घेऊन गेला, कायमची. म्हणाली, रविवारीसुद्धा कुणी येत नाही, मग इथं राहून काय करू."

क्लेम चौकट धरून उभा राहिला. "मला बोलली नाहीस?"

"बाहेर आले होते सांगायला," लॉरेल म्हणाली. "तू गाडी पुसत होतास."