न बोललेलं उणे

तारापूरला आमच्या जेट्टीचे लोखंडी खांब समुद्रात उभे आहेत. ते गंजू नयेत म्हणून त्यांना सतत थोडी वीज देतात आणि ती पुरते का, हे पाण्यात चांदीचा प्रोब, म्हणजे मोजायची कांडी, सोडून मीटरवर बघतात. आकडा कायम उणेच येतो, म्हणून ‘उणे’ कोणी उच्चारतच नाही. नुसतं ‘आठशे’ म्हणतात.

मी बाळंतपणाच्या रजेवर असताना तो प्रोब बिघडला आणि जस्ताचा लावला. जस्ताच्या मापात आकडा उणे नाही, अधिक येतो, शून्याच्या वर, आणि जितका मोठा तितकी वीज अपुरी, गंजाचा धोका जास्त. वाणगावच्या आमच्या टेक्निशियनने जेट्टीवरून फोन केला, ‘चारशे.’ बोईसरच्या ऑफिसातल्या साहेबांनी ते उणे चारशे धरलं, चांदीच्या मापात बदलून उणे चौदाशेच्या वर काढलं आणि वीज भलतीच जास्त जातेय म्हणून कमी करायला लावली. वाढवायची सोडून कमी!

रजेवरून आले, ओहोटीला खाली उतरले, खांबावर हातोडी मारली. भाकरीएवढे गंजाचे पोपडे गळून पडले. मी हबकलेच.

‘अधिक म्हणायला तोंड झिजतं का तुमचं?’ मी टेक्निशियनवर ओरडले. फोन स्पीकरवर टाकून साहेबांनाही तेच ऐकवलं.

‘चुकलं, मॅडम. आता नाय होनार,’ टेक्निशियन म्हणाला.

‘बरोबर आहे तुमचं,’ साहेब म्हणाले.

‘मग घ्या पुन्हा रीडिंग.’

त्याने प्रोब पाण्यात सोडला, मीटर बघितला आणि फोनकडे तोंड करून म्हणाला, ‘सव्वाचारशे.’

पलीकडून साहेब म्हणाले, ‘ओके.’