सासूबाईंनी गाडीवर पाणी सोडलं

आमच्या सासूबाईंना दिसेनासं झालंय हे आमच्याआधी त्यांच्या गाडीला कळलं. डावा आरसा शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या बिनवर आपटून तुटला, डावं दार सुपरमार्केटच्या खांबाला घासलं, आणि दर वेळी चूक बिनची नाहीतर खांबाची. "वाटेत कशाला उभं केलंय मेल्यांनी!" असं म्हणत त्या घरात शिरायच्या आणि चहा टाकायच्या.

शेवटी माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका चिरंजीवांनी, एका रविवारी आईला दाराबाहेर उभं केलं आणि समोरच्या घरापुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचायला सांगितली. इथे विलायतेत तेवढं वाचता आलं नाही तर गाडी चालवता येत नाही. सासूबाईंनी घडाघडा वाचली. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही डोळे त्याचेच होते. मी म्हटलं, "अहो, हा नंबर समोरच्यांच्या जुन्या गाडीचा, ती त्यांनी कधीच विकली. ही नवी आहे, हिचा नंबर वेगळा आहे." धन्य ती बाई! अख्ख्या गल्लीचे नंबर पाठ करून बसली होती.

मग ऑप्टिशियन झाला, हॉस्पिटल झालं, आणि लायसन्स परत पाठवावं लागलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुःख डोळ्यांचं नव्हतंच. दर गुरुवारी एजवेअरमध्ये चर्चचा एक हॉल भाड्याने घेऊन आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्या बायका भजनाला जमतात. त्यातल्या तिघींना घरून उचलायचं आणि घरी सोडायचं, हे सासूबाईंचं काम. काम कसलं, राज्यच ते! सासरे गेल्यावर पन्नाशीत त्या गाडी शिकल्या, आणि त्यानंतर 'मला जरा सोडता का' म्हणून कुणापुढे तोंड वेंगाडायची वेळ त्यांनी स्वतःवर येऊ दिली नाही. पोटच्या मुलापुढेसुद्धा नाही. "गाडी गेली की मी संपले," असं त्या मला भाजी चिरता चिरता म्हणाल्या.

गाडी दारात नुसती उभी होती. विकायचं नाव काढलं की बाई बिथरायच्या. मग नवऱ्याने एक चॅरिटी शोधून काढली. ते लोक गाडी दारातून घेऊन जातात, लिलावात विकतात आणि पैसे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या हॉस्पिसला देतात. दान म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा जरा निवळला. तिथेच गप्प बसावं की नाही माणसाने? पण आमचे हे फायनान्समधले. जेवता जेवता म्हणाले, "आणि आई, यात गिफ्ट एड आहे. मला टॅक्समध्ये सूट पण मिळेल."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे दान मी करायचं आणि टॅक्स तुझा वाचणार?"

"अगं, गाडी कागदावर माझ्या नावावर आहे."

"कागदावर! आणि स्टिअरिंगवर कोण होतं?"

त्याने मग समजावून सांगितलं, की आपल्या देणगीवर सरकार चॅरिटीला आणखी थोडी भर घालतं, आणि त्याचा टॅक्सचा रेट वरचा असल्यामुळे थोडं त्यालाही परत येतं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सरकारला भर घालायचीय ना, घालू दे. सरकारचा हात कोण धरतंय? पण उदक सोडलं की त्यातला कणसुद्धा परत या घरात येता कामा नये. दिलेल्या दानातलं काढून घेणारा माझ्या पोटी जन्मलाय, हे मला बघायचं नाही."

उदक म्हणजे पाणी. दान देताना घेणाऱ्याच्या हातावर पळीभर पाणी सोडायचं आणि 'न मम' म्हणायचं, माझं नाही. पाणी सोडलं, की त्या वस्तूशी आपला संबंध संपला. चिरंजीवांनी मान खाली घालून आमटी भुरकली. सूट गेली.

चॅरिटीच्या मुलीने फोनवर बजावलं होतं, की पेट्रोल अगदी कमी ठेवा आणि आतलं सामान काढून घ्या. सासूबाई म्हणाल्या, "रिकामं भांडं देतं का कुणी कुणाला?" आणि मुलाला पाठवून टाकी फुल्ल करून आणली. तो परत आला तो धुसफुसतच. "सूट पण नाही, वर पेट्रोल माझ्या खिशातून!" मी तोंडाला पदर लावून हसले. पदर नव्हता, किचन टॉवेल होता.

गाडी न्यायला माणूस आला तेव्हा नवरा ऑफिसला गेलेला, घरी आम्ही दोघीच. बाईंनी ठेवणीतली साडी नेसून वर कार्डिगन चढवलेलं. बॉनेटला हळदकुंकू, वायपरमध्ये खोचलेलं फूल. हा दाराएवढा माणूस, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत टॅटू, आणि भलताच हसरा. सासूबाईंनी त्याला हात पुढे करायला लावला, त्यावर तुळशीचं पान ठेवलं, तांब्याच्या पळीने पाणी सोडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "इदं न मम." त्या बिचाऱ्याला वाटलं, हात धुवायला दिलंय. त्याने दोन्ही हात चांगले खसाखसा चोळले, पँटला पुसले आणि आभार मानत म्हणाला, "चीअर्स, लव्ह." तुळशीचं पान त्याच्या पँटला चिकटून राहिलं.

मग किल्ली दिली. मग शिधा दिला, तांदूळ, डाळ, गूळ, तूप आणि वर नारळ. तो म्हणाला, गाडीत सामान चालत नाही. "गाडीला नाही रे, तुला!" सासूबाई म्हणाल्या. त्याने नारळ कानाशी हलवून बघितला आणि खूश होऊन सगळी पिशवी ट्रकमध्ये ठेवली.

आता अडचण अशी, की त्याचा ट्रक आमच्या ड्राइव्हवेत शिरेना. गाडी चार हात मागे घ्यायला हवी होती. त्याने किल्ली सासूबाईंपुढे धरली. "तुम्हीच घेता का, डार्लिंग? तुम्हाला सवय असेल." आपल्याच दारातली जागा ती, लायसन्स कोण विचारणार होतं? बाईंचा हात किल्लीपर्यंत गेला. अगदी बोटं टेकणार, एवढ्यात त्यांनी तो मागे घेतला आणि पदराखाली धरून ठेवला.

"नको. मी पाणी सोडलंय."

त्याने माझ्याकडे बघितलं. माझं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं, आणि ही गाडी गिअरची. शेवटी तोच बसला, आणि गाडी सुरू होऊन लगेच बंद. पुन्हा तेच. सासूबाईंना राहवेना. "अरे बाबा, क्लच हळू सोड! तिला दटावून चालत नाही!" शुद्ध मराठीत. पण त्याला काय कळायचं ते कळलं. बाई पुढे झाल्या, हात हलवत, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" गाडी ट्रकवर चढली, ट्रक गल्लीच्या टोकाला वळला आणि दिसेनासा झाला.

मला वाटलं, आता रडतील. त्यांनी विचारलं, "वळताना सिग्नल दिला का गं त्याने?"

"दिला हो."

"मग ठीक आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

गुरुवारी मंडळातल्या एका बाईंच्या सुनेने सगळ्यांना भजनाला न्यायचं कबूल केलं होतं. मी ऑफिसची ऑनलाइन मीटिंग आटोपून खाली आले, तर सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या. अंगात कोट, पायांत बूट, मांडीवर पर्स. मी म्हटलं, "अहो आई, अजून पुष्कळ वेळ आहे. आत सोफ्यावर बसा की."

"नको. ती यायची आणि मी तयार नसायची. बरं दिसत नाही." मग काचेतून रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मी हॉर्न वाजवायचे गं त्या तिघींना. दार उघडायला जरा उशीर झाला की लागोपाठ. मला वाटायचं, या बायका इतका वेळ आवरतात तरी काय! त्या अशाच बसलेल्या असणार. आवरून, केव्हाच्या. नुसतं उठायलाच वेळ लागतो."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. मग परत वाजला. "आले, आले," म्हणत त्या भिंतीला धरून उठायला लागल्या, आणि मी दार उघडून त्या सुनेवर असल्या जोरात ओरडले की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं, "थांब की जरा! उठतायत त्या!"