शेवटचा आकडा पुसत गेलं तरी

बाळांनो, ७३९३९१३३ ही संख्या नीट बघा. तिचा शेवटचा आकडा पुसा, मग उरलेल्या संख्येचाही पुसा. अगदी ७ उरेपर्यंत पुसत गेलात तरी प्रत्येक वेळी मूळ संख्याच हाती येते, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच पूर्ण भाग जात नाही. हा गुण असलेली याहून मोठी संख्या नाही. संख्यांना अंत नाही आणि ही रांग मात्र इथंच थांबते, याचं मला अजून नवल वाटतं.

ही संख्या घेऊन मी मैलूरहून सकाळच्या बसनं हुलसूरला अक्कांकडे गेले होते. अक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. आजारपणानंतर त्या विसरायला लागल्या, असं त्यांच्या मुलाला वाटत होतं. घर बंद करून त्यांना हैदराबादला न्यायचा त्याचा विचार होता आणि अक्कांना जायचं नव्हतं. "मामी, तुम्ही एकदा बघून सांगा, मग ठरवतो," असं तो मला म्हणाला होता.

मी संख्या लिहून दिली. म्हटलं, "अक्का, एकेक आकडा काढत चला. दर वेळी मूळ संख्याच राहते."

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "न्हाई राहत. दुसऱ्याच घरात मोडली की."

मुलाला आता काय सांगायचं?

"कामून तोंड पाडलीस? तेहतीसला तीननं भाग जातो. एकशे तेहतीस म्हणजे एकोणीस साते. तुझ्या इंग्रजी कॉलेजात हे चालतंय वाटतं."

तेव्हा कळलं. मुलांना एकं, दहं, शतं शिकवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी डावीकडचे आकडे काढून सवयीनं एकंच्या घरापासून तपासायला सुरुवात केली होती : ३, ३३, १३३. कुठल्या टोकाकडून, हे मीच सांगितलं नव्हतं.

"डावीकडचे ठेवायचे, अक्का."

"मग तसं बोलावं की."

७ आणि ७३ त्यांनी बघताक्षणी सोडले. ७३९ला ओठांत लहानपणी शिकलेले कानडी पाढे सुरू झाले आणि उत्तरं मराठीत आली. "सतरा त्रेचाळीस सातशे एकतीस, आठ उरले. एकोणीस अडतीस सातशे बावीस, सतरा उरले. तेवीस बत्तीस सातशे छत्तीस, तीन उरले. एकोणतीसचा वर्गच आठशेच्या वर जातोय, पुढं बघायचं काम न्हाई." कॉलेजात मी हेच फळ्यावर शिकवलं, पण इतक्या झपाट्यानं मला कधी जमलं नाही.

मग त्यांनीच विचारलं, "मागं नववा आकडा लावला तर?" सम आकडे, शून्य आणि पाच त्यांनी लगेच बाद केले. एक किंवा सात लावला तर आकड्यांच्या बेरजेला तीननं भाग जातो. राहिले तीन आणि नऊ.

"त्याही मोडतात, असं पुस्तकात आहे," मी म्हटलं.

"पुस्तकानं मोडल्या. मी मोडून बघते."

अंगणात जाऊन मी अक्कांच्या मुलाला फोन केला आणि त्यांचं डोकं शाबूत आहे, त्यांना इथंच राहू दे, असं सांगितलं. "आणि गॅस चालू राहिला तर, मामी?" त्यानं विचारलं. शेजारीण दोन वेळा डोकावेल, असं मी ठरवून दिलं. मग तो म्हणाला, "बरं, राहू दे तिला तिथंच."

काल अक्कांचा हुलसूरहून फोन आला. मागे तीन लावलेल्या संख्येला एकतीसपर्यंत कशानंच भाग गेलेला नाही. आज त्या सदतीसनं सुरुवात करणार आहेत.