उन्हाळ्यात लवकर उडतो

ऑफिसातले किस्से म्हणे एसीत साचतात. आमचे पत्र्याखाली साचतात आणि पत्रा तापला की एकेक बाहेर पडायला लागतात. त्यामुळे आमच्याकडे किश्श्यांचा सीझन मार्च ते जून.

सोलापूरहून येताना नळदुर्गच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं शेड आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह आम्ही दुरुस्त करतो आणि दाब देऊन तपासतो. कुकरची शिट्टी असते ना, तिचा हा थोरला भाऊ. आत दाब वाढला की स्प्रिंगखालचं झाकण उचललं जातं, वाफ बाहेर पडते, दाब उतरला की झाकण आपसूक बसतं. वेळेवर उघडावा, नीट बसावा आणि नंतर गळू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

शेडचे मालक बसवराजअण्णा. देवमाणूस, पण चिडले की मराठी सोडून कानडीत जातात आणि आवाज थेट समोरच्या ढाब्यापर्यंत. हिवाळ्यात त्यांच्या अंगावर चहा सांडला तरी 'असू दे' म्हणतात. मे महिन्यात नुसतं 'अण्णा' अशी हाक मारलेलीही पुरते. मागच्या उन्हाळ्यात एका कारखान्याचा इंजिनिअर त्यांना 'जरा लवकर आटपा' म्हणाला. अण्णांनी त्याला असं काही सुनावलं की तो व्हॉल्व्ह गाडीत टाकून निघून गेला, आणि त्याच्यामागं तो कारखानाही गेला.

*

तेव्हापासून काम आटलं होतं. अशात एका अणुवीज केंद्राचे दोन व्हॉल्व्ह नमुना म्हणून आमच्याकडे आले. हे पास झाले तर पुढचं सगळं काम आमचं, नाही तर लेथ मशीन विकून शेडला कुलूप, असं अण्णांनीच आम्हाला बसवून सांगितलं.

केंद्राचे इन्स्पेक्टर साहेब आधी नियम समजावायला आले. शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. ते म्हणाले, केंद्रात हा व्हॉल्व्ह बंद, गरम खोलीत असतो. थंडीत सेट केला तर तिथं त्याची स्प्रिंग तापून मऊ पडते आणि तो ठरल्या दाबाच्या आधीच उडतो. म्हणून चाचणी गरम पेटीत घ्यायची, आणि लागोपाठ तीनदा त्याच दाबाला उडाला तरच पास.

आमच्याकडे व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे झाकण टेकतं ती कड, घासून गुळगुळीत करायचं काम मालनताई करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे उन्हाळ्यात लवकर उडतो, असंच ना? आमाला सवय हाय, सायेब."

आम्ही सगळे खाली बघायला लागलो. अण्णा मात्र गंभीरपणे मान डोलवत होते.

*

साहेबांचा दुसरा नियम: व्हॉल्व्हवर घामाचा थेंब पडता कामा नये, कारण घामातलं मीठ त्या पोलादाला खातं. आता मे महिन्यात, पत्र्याखाली, घाम गाळायचा नाही हे कसं जमणार?

अण्णांनी तोड काढली. आम्ही हातमोजे घालून व्हॉल्व्ह उघडायचो आणि अण्णा स्वतः टॉवेल घेऊन एकेकाचं कपाळ टिपत फिरायचे. एकदा पाणी मागायला आलेला ट्रक ड्रायव्हर हा देखावा बघून दारातच थबकला, चपला काढल्या आणि हळूच विचारलं, "पेशंट कोण हाय?"

"ॲटमचा हाय," अण्णा म्हणाले. "लांबून बघ."

*

रंगीत तालमीच्या दिवशी मात्र उलटंच झालं. व्हॉल्व्ह लवकर उडायच्या ऐवजी उशिरा उडू लागला. दाबाचं गेज तपासलं, पाइप तपासले, काही सापडेना. शेवटी पेटी उघडली, तर व्हॉल्व्हला ओलं गोणपाट गुंडाळलेलं!

हे काम आमच्या वॉचमनचं, म्हणजे शिवामामांचं. इकडं माठाला गुंडाळतात तसंच.

"लई तापलं व्हतं बिचारं," मामा म्हणाले. "म्हनलं, जरा गार करावं."

अण्णा लालबुंद झाले. पण मामांनी त्यांना लहानपणी खांद्यावर बसवून तुळजापूरला नेलेलं, त्यांच्यावर ओरडणार कसं? अण्णा तरातरा बाहेर गेले आणि मागच्या कडुलिंबाच्या झाडावर कानडीत मनसोक्त ओरडून आले. झाडानं काही मनावर घेतलं नाही.

मालनताईंनी तेव्हाच फर्मान काढलं. चाचणीच्या दिवशी अण्णांनी खुर्चीवर बसायचं, तोंड उघडायचं नाही, अगदीच आवरलं नाही तर लिंब आहेच. आणि डोक्यावर तेच गोणपाट.

*

चाचणीच्या दिवशी सावलीत त्रेचाळीस. अण्णा डोक्यावर ओलं गोणपाट आणि हातात ताकाचा तांब्या घेऊन बसलेले. पहिला व्हॉल्व्ह लागोपाठ तीनदा बरोबर उडाला. दुसराही दोनदा उडाला. आता एकदाच राहिलं होतं. मी दाब वाढवत आणला, गेजचा काटा ठरल्या दाबाच्या खुणेपाशी पोचला आणि नेमका साहेबांचा फोन वाजला. ते तोंड फिरवून बोलायला लागले. तेवढ्यात व्हॉल्व्ह उडाला, अगदी खुणेवर.

साहेबांनी फोन ठेवला. "मी पाहिलं नाही. परत पहिल्यापासून तीनदा घ्या."

माझ्या डोळ्यांसमोर लेथ विकलेली दिसायला लागली. अण्णा उठले. गोणपाट खुर्चीवर ठेवलं. चेहऱ्यावरून कळत होतं की मराठी संपत आली आहे. ओठ घट्ट मिटून ते साहेबांच्या शेजारून गेले, दाराबाहेर पडले, आणि मग लिंबाखालून जो आवाज उठला, त्यानं समोरच्या ढाब्यावरची माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली.

मग सगळं शांत झालं. अण्णा आत आले, खुर्चीवर बसले, गोणपाट डोक्यावर घेतलं.

"घ्या सायेब, परत घ्या," ते मऊ आवाजात म्हणाले.

साहेब जरा बिचकलेच होते. बाहेर काय झालं, असं त्यांनी हळूच विचारलं.

मालनताईंनी गेजवरची नजर काढली नाही. "काय न्हाय, सायेब. दाब वाढला, उघडलं, आपसूक बसलं. गळती न्हाय."

व्हॉल्व्ह पुन्हा तीनदा उडाला, तिन्ही वेळा खुणेवर. साहेबांनी दोन्ही व्हॉल्व्ह पास म्हणून सही केली, पेनाचं टोपण लावलं, समोर आलेलं ताक सावकाश प्यायले. मग गोणपाटाखालच्या अण्णांकडं बघत म्हणाले,

"यांचं अजून दोनदा उडायचं राहिलंय."