आवाज यायच्या आधीचं तेल

दुकानात आल्यावर गोळी मागायच्या आधी तो खिशातून तेलाची छोटी बाटली काढायचा आणि माझ्या शटरच्या पट्टीत दोन थेंब सोडायचा. "आवाज यायची वाट बघायची नसती, भाऊ."

चाकणच्या एका कंपनीत तो मेंटेनन्स फिटर होता, मूळचा बीडकडचा. माझं मेडिकल त्याच्या बसथांब्यासमोर. असा एखादा गडी तुमच्याही गल्लीत असेल, लोकांचे पंखे आणि सायकली फुकटात दुरुस्त करणारा. स्वतःची कंबर मात्र त्याला कधी जमली नाही.

कमरेसाठी डॉक्टरांनी एक गोळी लिहिली होती. पॅरासिटामॉल आणि अफूच्या जातीचं वेदनाशामक, दोन्ही एकात. फार दुखलं तरच घ्या, असं बजावलं होतं. हा पठ्ठ्या रोज शिफ्टच्या आधी घ्यायचा, दुखो न दुखो. मशीनला ग्रीस, तशी कमरेला गोळी. मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. जुन्या चिठ्ठीवर मी देईना, तर दुसरीकडून आणायला लागला.

एकदा सर्दीची गोळी मागायला आला. म्हटलं, "अहो, यातही पॅरासिटामॉल आहे. दोन्ही मिळून लिव्हरचं वाटोळं होईल."

"ही नाकाची हाय, ती कमरेची. डिपार्टमेंटच येगळं."

हसू आवरलं नाही. मग मात्र मी त्याला चांगलंच झापलं आणि रागाच्या भरात म्हणालो, "बंद करा ती कमरेची गोळी." त्याने त्याच दिवशी बंद केली. चूक माझी. अशी गोळी एकदम सोडायची नसते, हे मला माहीत होतं आणि सांगायचं राहिलं.

तिसऱ्या दिवशी तो घामाने भिजून आला. बाटली काढली, पण हात इतका थरथरत होता की तेल पायरीवर सांडलं. "भाऊ, मशीन बंद पडायलंय का काय," म्हणाला. मला फार लाज वाटली. शटर ओढलं आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी व्यायाम दिले आणि गोळी हळूहळू कमी करायचं वेळापत्रक दिलं. ते त्याने मशीनच्या तक्त्यासारखं भिंतीला लावलं, रोज पेन्सिलीने खूण करायचा. चार महिन्यांनी उरलेल्या गोळ्या माझ्या काउंटरवर ठेवल्या. "शिल्लक स्पेअर. स्टोअरला जमा करा."

"आणि कंबर?"

"दुखती की. पण आता दुखल्यावरच दुखती म्हणतो."

रिटायर होऊन तो गावी गेला. जाताना तेलाची बाटली मला देऊन गेला. परवापासून शटर करकरतंय. बाटली हाताशी आहे, पण तेल घालावंसं वाटत नाही. तो आवाज ऐकून तो येईल, असं उगीच वाटतं.