साउथ कॅरोलिनातला माझा फेटा

बोट दुपारची होती आणि लालबागचा रस्ता पोलिसांनी सकाळीच बंद केला होता. मोर्चा निघणार होता. आम्ही परळहून निघालो ते आडवाटेने, माझगावकडून, गोदीची भिंत धरून. पुढे माझे वडील, आबा, डोक्यावर माझी ट्रंक. मागे मी, अंगात उसना कोट. आणि सगळ्यांत मागे आई, दर शंभर पावलांवर थांबून कानोसा घेणारी. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या चाळीच्या तोंडाशीच गोळीबार झाला होता. शेजारच्या खोलीतले एक कामगार पाळी संपवून घरी येता येता गोळी लागून पडले. तेव्हापासून लांबून ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ऐकू आलं की आई हातातलं काम टाकायची. घोषणा तिलाही पाठ होती, गॅलरीत उभी राहून ती स्वतःही द्यायची. पण रस्त्यावरून ऐकू आली की आधी मी घरात आहे का ते बघायची.

बॅलार्ड पिअरवर आबांनी ट्रंक खाली ठेवली. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून ते कमी बोलायचे आणि बोलले की ते वाक्य संपलेलं असायचं. म्हणाले, “आपून कोन हाय ते लपवू नगंस. लई पिढ्या लपलो.” मी मान डोलावली. मी जात्याच भित्रा, आणि भित्र्या माणसाला मान डोलावणं फार सोपं जातं.

साउथ कॅरोलिना हे नाव चाळीत कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं. शिष्यवृत्ती मिळाल्यावर मी ते राज्य पुस्तकातून वाचून काढलं होतं. नकाशात ते त्रिकोणी दिसतं. समुद्राकडे दलदल, जिथे पूर्वी भातशेती होती आणि जिथल्या बंदरात आफ्रिकेतून माणसं आणून विकली. वर चढत गेलं की तांबडी माती, मग डोंगर. डोंगरातून नद्या जिथे उड्या घेत खाली येतात तिथे पाण्याच्या जोरावर सूतगिरण्या उभ्या राहिल्या. गुलामगिरी टिकावी म्हणून देशातून फुटून निघणारं पहिलं राज्य हेच, आणि त्यातून पेटलेल्या यादवी युद्धाची पहिली तोफही इथेच उडाली. युद्धात इथला कापूस बंदरात अडकून पडला, विलायतेला कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापूसवाल्यांचं उखळ पांढरं झालं. त्याच पैशाच्या जोरावर पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या. म्हणजे एका परीने आमची चाळ त्यांच्या युद्धातून उगवलेली. हे मी आबांना मोठ्या ऐटीत सांगितलं तर ते म्हणाले, “मंग त्यो कापूस येचायला कोन व्हतं?” पुस्तकात त्याबद्दल दोन ओळी होत्या.

न्यूयॉर्कहून बसने खाली उतरत गेलो तशा त्या दोन ओळी मला दिसायला लागल्या. एका स्टँडवर बस जेवणासाठी थांबली. बसायच्या खोलीला दोन दारं. एकावर गोऱ्यांसाठी म्हणून पाटी, दुसऱ्यावर काळ्यांसाठी. नळ दोन, संडास दोन. माझा रंग आबांचा, म्हणजे चांगला पक्का. मी दोन्ही दारांकडे पाहिलं आणि बाहेर ट्रंकेवर बसून राहिलो. पहिल्या दारातून गेलो असतो तर हाकलला जाण्याची भीती, दुसऱ्यातून गेलो तर मीच ते कबूल केल्याची. पुढचे दोन स्टँड तसेच गेले. पाणी प्यायलो नाही, लघवीला गेलो नाही. बसमध्येही पुढचे बाक गोऱ्यांचे, मागचे काळ्यांचे, म्हणून जागा असून मधेच उभा राहिलो. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता.

कॉलेजात माझ्या खोलीत एक मराठी मुलगा निघाला तेव्हा मला रडू आलं. वसंत, गिरगावातल्या फणसवाडीचा, माझ्याआधी वर्षभर आलेला. गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. त्याला या राज्यात कुणी अडवत नव्हतं. माझी कहाणी ऐकून तो मनापासून हळहळला आणि ट्रंकेतून एक गुलाबी फेटा काढून म्हणाला, “हा बांध. इथल्यांना फेटा दिसला की ते महाराजा समजतात. बिनधास्त पुढच्या दारातून जायचं. काय समजलास?” मग माझं आडनाव विचारलं. जाधव म्हटल्यावर स्वतःच म्हणाला, “वा, म्हणजे मराठे तुम्ही. फेटा शोभेलच!” मी हसलो. नाही म्हणालो नाही, हो म्हणालो नाही.

मला फेटा बांधता येत नव्हता. रोज सकाळी वसंत माझ्यामागे उभा राहून तो बांधायचा, बोटांनी घड्या बसवत, गिरगावच्या गणपतीच्या गप्पा मारत. माणूस प्रेमळ होता, आणि नेमकं त्याचंच मला भय वाटायचं. त्याची बोटं माझ्या कपाळाला लागली की वाटायचं, आज याला कळलं तर? फेट्याने मला सगळीकडे वाट दिली: हॉटेलात, बसमध्ये पुढच्या बाकावर, न्हाव्याच्या खुर्चीत. त्या कॉलेजात इथल्या काळ्या मुलाला प्रवेश नव्हता आणि मी पहिल्या बाकावर बसून त्यांच्याच राज्याच्या कापसाबद्दल टिपणं घेत होतो. रात्री फेटा उतरवला की मान मोकळी व्हायची, पण सकाळ उजाडली की पुन्हा धास्ती.

उन्हाळ्यात कॉलेजने आम्हाला काम शिकायला गिरणीत पाठवलं. विणखात्यात पहिल्याच दिवशी गोऱ्या सुपरवायझरने माझ्या हातात मागावर आडवं सूत नेणारा धोटा दिला. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक त्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायची जुनी रीत आहे, परळातही तीच होती. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून आमच्या माणसांना विणखात्यात पाऊल टाकू देत नसत. मजुरी जास्त तिथेच. आबांनी सगळी नोकरी सूतकताईच्या साच्यावर काढली, पलीकडचं खातं दारातूनच पाहिलं. आता हा गोरा स्वतःच्या तोंडचा धोटा मला देत होता. मी तो ओठांना लावला, श्वास ओढला, सूत जिभेवर आलं. माझे डोळे भरले. त्याला वाटलं डोळ्यांत कापसाचं तूस गेलं. तेवढ्यात दाराशी एक हातगाडी थांबली. ती ढकलत आणणारा म्हातारा काळा कामगार उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, आणि आतल्या गोऱ्या मजुराने येऊन गाडी आत ओढून घेतली.

काळ्यांना त्या गिरणीत फक्त आवारात आणि कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात काम होतं. पुढच्या महिन्यात माझी पाळी त्याच खात्यात लागली. तो म्हातारा तिथला सगळ्यांत जाणता. कापसाची चिमूट दोन बोटांत ओढून तो तंतूची लांबी सांगायचा आणि यंत्रावर मोजली तर तेवढीच भरायची. पुस्तकात नव्हतं ते त्याने मला शिकवलं. सगळे गोरे त्याला अंकल म्हणत, कारण म्हाताऱ्या काळ्याला नाव घेऊन मान द्यायची तिथे रीत नव्हती; मीही तेच म्हणायचो. तो माझ्या फेट्याकडे बघून एकदा एवढंच म्हणाला, “उन्हाळ्यात जड होत असेल.”

होतच होता. खात्यात कापसाचा धुरळा, वर पत्रे, आणि फेट्याच्या घडीघडीत तूस. एका दुपारी मी तो काढून खिळ्याला टांगला. बरं वाटलं. काम करता करता तहान लागली आणि मी आवारातल्या नळाकडे गेलो, इतक्या महिन्यांच्या सवयीने, गोऱ्यांच्या नळाकडे. ओणवा होऊन ओंजळ लावली आणि मागून मानेवर हात पडला. दुसऱ्या पाळीचा फोरमन, मला न ओळखणारा. त्याने माझं तोंड नळावर दाबलं. दात लोखंडावर आपटले. आवारातले सगळे गप्प झाले, आणि त्या गप्प होण्यानेच मला कळलं की आता इथे काहीही होऊ शकतं. मी इंग्रजी विसरलो. आई म्हणून ओरडलो असेन, आठवत नाही.

म्हातारा धावत आला. हातात माझा फेटा. फोरमनपासून चार हात लांब उभा राहून, मान खाली घालून तो म्हणाला, “साहेब, हा परदेशी विद्यार्थी आहे. आमच्यातला नाही.”

फोरमनने माझी मान वळवून मला विचारलं, “खरं?”

मी म्हणालो, “हो साहेब. मी यांच्यातला नाही.”

त्याने हात काढला, हसला, माझ्या पाठीवर थाप मारली, आधी का नाही सांगितलंस म्हणाला. म्हाताऱ्याने फेटा मला दिला. येता येता त्याने वरचं तूस झटकलं होतं. मग तो आपल्या गाठींकडे परत गेला. मी त्याचे आभार मानले नाहीत, कारण फोरमन अजून तिथेच उभा होता. दुसऱ्या दिवशीही मानले नाहीत. मग ते राहूनच गेलं.

वसंत म्हणाला, “वाचलास रे! आता घट्ट बांधतो.” माझ्या मानेवर वळ होते, त्यावरून बोटं फिरवून त्याने हळद नाही म्हणून चुकचुक केली. त्याला सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. पण उद्या यानेही हात आखडला तर मला या राज्यात फेटा कोण बांधणार, हा विचार आधी आला. मी पुढची सगळी वर्षं फेटा बांधला.

आबा शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेत. त्यात एकदा विचारलं होतं, “आपल्यागत कुनी हाय का तिकडं?” मी तांबड्या मातीबद्दल लिहिलं, पीचच्या बागांबद्दल लिहिलं, समुद्राकडच्या तंबाखूबद्दल लिहिलं. शेवटी लिहिलं, तसं कुणी नाही.

मी परतलो तेव्हा महाराष्ट्र झाला होता, मुंबईसह. चाळीत आईने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सगळे अमेरिकेच्या गमती विचारत होते आणि मी सांगत होतो. आबा काही विचारत नव्हते. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंच खोलीत असताना मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं: दोन दारं, फेटा, वसंत, धोटा, नळ, तो म्हातारा. आणि मी काय बोललो ते. ते संतापतील अशीच माझी खात्री होती.

आबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्या मानसाचं नाव काय?”

मी म्हणालो, “सगळे अंकल म्हणायचे.”

“ते नव्हं. नाव काय त्याचं?”

मला माहीत नव्हतं. महिनाभर त्याच्या हाताखाली शिकलो, त्याने माझा जीव वाचवला, आणि मी नाव विचारलं नव्हतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. साच्यावर इतकी वर्षं त्यांनाही नाव सोडून कशी हाक मारत असतील ते त्या क्षणी मला कळलं, आणि फोरमनच्या हाताला घाबरलो नव्हतो इतका मी त्या नजरेला घाबरलो.

पुढे मी नोकरीसाठी याच राज्यात, साउथ कॅरोलिनात, परत आलो आणि इथेच राहिलो. पाट्या निघाल्या, फेटा सुटला, मुलं इथे जन्मली. गिरणीत त्या म्हाताऱ्याची चौकशी केली तर ते खातं यंत्रांनी भरलेलं, जुनी माणसं पांगलेली. पुढे गिरणीही बंद पडली, तिकडे परळच्या पडल्या तशीच. तुम्ही जे मागे राहिलात ते विचारता की आता तुझं घर कुठलं, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडलात ते विचारतही नाही. मी पत्ता सांगतो तो इथला. या राज्यातल्या नद्या मला तोंडपाठ आहेत: सलूडा, ब्रॉड, कटॉबा, पी डी. पण घर म्हटलं की मला परळची ती खोली दिसते. तिथे खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून ते घर. आबा गेले तेव्हा मी इकडे होतो. त्यांच्या शेवटच्या पत्रात, आईच्या दम्याच्या आणि शेजाऱ्याच्या लेकीच्या लग्नाच्या बातमीखाली, एक ओळ होती: “त्या मानसाचं नाव घावलं का?”